जुना कॉम्प्युटर, मोबाइलच्या 61 क्लिपा आणि मराठी अक्षरं: सोपं मिक्सिंग कशात करावं?

तुतीचं रान (गेवराई, जि. बीड)

नमस्कार मंडळी. मी रेशीमशेती करतो. दीड एकर तुती, वर्षाला पाच बॅच निघतात. एक व्हिडिओ तयार करायचाय आणि दोन आठवडे त्यातच अडकून पडलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

औंदा आमच्या गावात सहा पोरांनी तुती लावली. सगळे माझ्या शेडवर येऊन बघून गेलेले. पण खरी अडचण येते ती रात्री. अळ्या मोल्टला (कात टाकायला) बसल्या का नाही, पाला टाकायचा का थांबायचं, चुना कधी मारायचा, हे फोनवर सांगून कळत नाही. मी विचारतो, "माना वर करून गप बसल्यात का?" तिकडून उत्तर येतं, "काही बसल्यात, काही खायल्यात." आता काही म्हणजे किती? डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते उमगत नाही. मागच्या बॅचला एका पोरानं निम्म्या अळ्या मोल्टमधून उठल्या न उठल्या तोच पाला टाकला. अर्ध्या अळ्या पुढं गेल्या, अर्ध्या मागं राहिल्या, आणि शेवटी चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) चढायला चार दिवसांचा फरक पडला. लहान-मोठे कोष घेऊन जालन्याच्या मार्केटला गेला, भाव काय मिळणार? त्याचं तोंड बघवत नव्हतं.

म्हणून ह्या बॅचला चॉकी (लहान अळ्या) आणल्या दिवसापासून मी रोज मोबाइलवर शूटिंग केलं. तिसरा मोल्ट, चौथा मोल्ट, पाचवी अवस्था, चंद्रिका टाकणं, कोष काढणं. 61 क्लिपा झाल्या, सगळ्या मिळून तीन तासांच्या आसपास. त्यातून बारा मिनिटांचा एक व्हिडिओ करायचाय. क्लिपा कापायच्या, जोडायच्या, कोणता दिवस आणि कोणती अवस्था ते मराठीत लिहायचं, वरून माझा आवाज द्यायचा. झगमगाट काही नको.

आणखी एक. पाचव्या अवस्थेत अळ्या पाला खाऊ लागल्या की पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा असा आवाज येतो. मी शेडच्या दारात उभा राहून त्या आवाजावरून बॅच कशी आहे ते ओळखतो. तो आवाज त्या पोरांना ऐकवायचाय, त्यावर गाणं-बिणं चढवायचं नाही.

कॉम्प्युटर पोरीच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला. आय-थ्री चौथी पिढी, रॅम 4 जीबी, हार्डडिस्क 500 जीबी, विंडोज 10. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पहिलं एक सॉफ्टवेअर फुकट म्हणून उतरवलं, दोन रात्री जागून आठ मिनिटं जोडली आणि फाइल बाहेर काढली तर चित्रावर आडवं कंपनीचं नाव. पैसे भरा म्हणे, मग जाईल. दुसऱ्यात चित्र जागेवर थांबायलंय आणि आवाज पुढं पळायलाय. अक्षरांचं तर विचारूच नका, "निर्जंतुकीकरण" लिहिलं तर पहिली वेलांटी "न"च्या मागं जाऊन बसली आणि रफार सुटून "र्" पाय मोडून वेगळा उभा राहिला.

ह्या मशीनवर चालेल असं काही आहे का? का नवीनच घ्यावं लागेल?

संभाजीनगर फ्रेम

भाऊ, डाविंची रिझॉल्व्ह घ्या. फुकट आवृत्तीतही वॉटरमार्क नाही, सिनेमावाले रंगकाम ह्याच्यातच करतात. एकदा शिकलात की दुसरं लागणार नाही.

उदगीरचा स्टुडिओ

रिझॉल्व्ह चांगलंच आहे, माझ्या दुकानात तेच चालतं. पण ह्या मशीनला ते सुचवू नका. त्याला 16 जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजे. 4 जीबीवर ते उघडतानाच दम टाकेल आणि भाऊंना वाटेल की आपल्यालाच जमत नाही. माझ्याकडं अशी कितीतरी माणसं आली जी "मला कॉम्प्युटरचं कळत नाही" म्हणत होती. कळत होतं सगळं, सॉफ्टवेअर मशीनच्या मानानं भारी घेतलेलं असायचं.

तुतीवाले भाऊ, तुम्ही शॉटकट घ्या. पूर्ण फुकट, मुदत नाही, वॉटरमार्क नाही, खातं उघडायचं नाही, नेट फक्त उतरवताना लागतं. शॉटकटवालेच सांगतात की एचडीच्या कामाला 8 जीबी रॅम असावी, 4 जीबी साध्या एसडीपुरती. म्हणजे तुम्ही थोडे खाली आहात, पण तुमचं काम साधं कापा-जोडायचं आहे, थोडी युक्ती केली की होईल. केडेनलाइव्ह आणि ओपनशॉट हीसुद्धा फुकट आहेत, वाईट नाहीत. मी शॉटकट सांगतोय कारण मी माझ्या पुतणीला ह्याच तुमच्यासारख्या मशीनवर शिकवलंय. आणि कुणी मूव्ही मेकर उतरवून घ्या म्हटलं तर ऐकू नका. मायक्रोसॉफ्टनं ते 10 जानेवारी 2017 ला बंद केलं. आता त्या नावानं जे कुठूनही मिळतं ते भरवशाचं नाही.

आता खरी गोष्ट. तुमची अडचण निम्मी सॉफ्टवेअरची आहे आणि निम्मी मोबाइलच्या फाइलची.

मी 1998 पासून लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. आधी दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून करायचो. मग मिनी डीव्ही आली. तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरात उतरवायला तासच लागायचा आणि तासाला 13 जीबी जागा जायची. पण त्या काळच्या मरतुकड्या मशीनवरही ते मिक्सिंग सुरळीत व्हायचं. कारण डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण असते. तुम्ही कुठंही कापा, मशीनला ती एकच फ्रेम उघडायची असते. मोबाइल तसं करत नाही. तो एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. जागा वाचते. पण तुम्ही मधल्या एखाद्या फ्रेमवर गेलात की मशीनला मागं जाऊन तिथपासून सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. बघताना हे जाणवत नाही, कापताना जाणवतं.

त्यात तुमचा मोबाइल बहुतेक एच.265 म्हणजे एचईव्हीसी ह्या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीनं रेकॉर्ड करत असणार. हे मानक 2013 ला आलं आणि तुमची चौथी पिढीही त्याच वर्षीची. त्यामुळं ते उलगडायची सोय त्या चिपमध्ये बसवलेली नाही, इंटेलनं ती सहाव्या पिढीपासून नीट दिली. तुमचा प्रोसेसर ते सगळं अंगमेहनतीनं करतोय. चित्र थांबतं ते ह्यामुळं.

आणि आवाज पुढं पळण्याचं कारण आणखी वेगळं. मोबाइल फ्रेमा एका लयीत घेत नाही. उजेड कमी झाला की सेकंदाला 30 च्या जागी कमी घेतो. सॉफ्टवेअर मात्र एकाच लयीचा हिशेब धरतं, म्हणून चित्र आणि आवाज जुळत नाहीत. तुमच्या शेडमध्ये रात्रीचं शूटिंग असणार, म्हणजे हे होणारच.

उपाय सांगतो. हँडब्रेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात सगळ्या 61 क्लिपा टाका, "फास्ट 1080पी30" हा तयार पर्याय निवडा, मग व्हिडिओच्या पानावर जाऊन फ्रेमरेट 30 आणि खाली "कॉन्स्टंट" करा. हे "कॉन्स्टंट" विसरू नका, त्या पर्यायात ते आपोआप नसतं. सगळ्या क्लिपा रांगेत लावा आणि रात्री चालू करून झोपा. लाइट गेली तरी झालेल्या क्लिपा झालेल्याच राहतात, फक्त चालू असलेली एक पुन्हा करावी लागते. मूळ क्लिपा पुसू नका. सकाळी ज्या नवीन फाइली मिळतील त्यांवर शॉटकटमध्ये काम करा. तरीही अडखळलं तर शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये "प्रॉक्सी" चालू करा. मग ते कामापुरती छोटी नक्कल वापरतं आणि शेवटी मोठ्या फाइलवरून व्हिडिओ काढतं.

आधी एक बघा. एक क्लिप शॉटकटमध्ये उघडा, "प्रॉपर्टीज" दाबा आणि व्हिडिओच्या खान्यात कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) काय दिसतं ते इथं लिहा.

सेलूची बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलांच्या प्रयोगांचे व्हिडिओ मी क्लिपचॅम्पवर करते. ते विंडोज 11 मध्ये आधीच येतं, फुकटात 1080पी पर्यंत वॉटरमार्कशिवाय निघतं आणि खरंच सोपं आहे. पण त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, नेट लागतं, आणि दादांच्या चौथ्या पिढीच्या मशीनला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळं ह्यांच्यासाठी मीही शॉटकटच म्हणेन.

मला बोलायचंय ते अक्षरांबद्दल, कारण ह्या गोष्टीनं मी फार त्रासले होते. पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की मुलं तशीच लिहितात, व्हिडिओतही तेच. ज्या सॉफ्टवेअरला जोडाक्षर जोडता येत नाही ते अक्षरं नुसती एकापुढं एक मांडतं. "न"आधी वेलांटी यायला हवी, "ज"वर रफार चढायला हवा, हे त्याला कळतच नाही. दादांनी लिहिलेला "निर्जंतुकीकरण" हा शब्द परीक्षेला फार चांगला आहे: ऱ्हस्व वेलांटी, रफार, अनुस्वार, उकार, दीर्घ वेलांटी, सगळं त्यात आलं. कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं की पहिल्या पाच मिनिटांत तोच शब्द लिहून बघा. पास झालं तर पुढं जा. शॉटकटच्या "टेक्स्ट: सिंपल"मध्ये तो मला बरोबर मिळाला आहे.

फॉन्ट युनिकोडच पाहिजे. विंडोजमधला निर्मला यूआय चालतो. मी तिरो देवनागरी मराठी वापरते, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि त्यात "ल" आणि "श" आपल्या पाठ्यपुस्तकातल्यासारखे मराठी वळणाचे आहेत. डीटीपीच्या दुकानातून जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला फॉन्ट आणून टाकू नका. त्यात टाइप केलेलं फक्त त्याच फॉन्टमध्ये वाचता येतं.

आणि समजा एखाद्या ठिकाणी अक्षर मोडलंच, तर इंकस्केप ह्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ लिहायची, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी चित्र काढायचं आणि ते वरच्या ट्रॅकवर ठेवायचं. चित्राचं अक्षर मोडत नाही.

दादा, अक्षरं मोठी ठेवा. पोरं शेडमध्ये, हाताला चुना लागलेला असताना, लहान फोनवर बघणार आहेत.

तुतीचं रान

स्टुडिओवाले काका, तुमचं बरोबर निघालं. प्रॉपर्टीजमध्ये "एचईव्हीसी" आहे आणि 3840 बाय 2160. म्हणजे फोरके. मला माहीतच नव्हतं की फोन असं घेतोय. बाई, "निर्जंतुकीकरण" लिहून बघितलं, अगदी पुस्तकात असतं तसं आलं. बराच वेळ बघत बसलो.

परवा रात्री साडेदहाला हँडब्रेकला लावलं. पहाटे पाचला लाइट गेली तेव्हा 61 पैकी 44 झाल्या होत्या. उरलेल्या काल केल्या. आता शॉटकटमध्ये क्लिप अडखळत नाही.

आवाजाचं मात्र कळेना. शेडमध्ये दोन कूलर असतात, त्यांची घरघर सगळ्या क्लिपांत आहे. आवाज साफ करायचं ऑडॅसिटी घेतलं, घरघर गेली, पण पाऊसही गेला. अळ्या खायचा आवाज राहिलाच नाही.

उदगीरचा स्टुडिओ

तो जाणारच. ऑडॅसिटीला तुम्ही घरघरीचा नमुना दाखवता आणि तसा जो जो आवाज असेल तो ते दाबतं. अळ्यांचा आवाज म्हणजे हजारो बारीक बारीक कुरतडणी एकत्र. मशीनच्या दृष्टीनं तोही एक अखंड सरसर आवाजच, बोलण्यासारखे चढउतार त्याला नाहीत. म्हणून ते त्यालाही कचरा समजतं.

तो आवाज साफ करून मिळणार नाही, नव्यानं घ्या. पुढच्या बॅचला पाचव्या अवस्थेत, ताजा पाला टाकल्यावर, कूलर दोन मिनिटं बंद करा. फोनचं साधं व्हॉइस रेकॉर्डर चालू करून फोन रॅकच्या कडेला, पाल्यापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि तिथून लांब उभे राहा. बोलू नका, हलू नका. दोन मिनिटांचा आवाज पुरे, शॉटकटमध्ये तोच खालच्या ऑडिओ ट्रॅकवर पुन्हा पुन्हा जोडता येतो. चित्राच्या ट्रॅकचा मूळ आवाज स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून बंद करा. लग्नात आम्ही सनई-चौघडा असाच वेगळा धरायचो.

तुमचं बोलणंही शूटिंगच्या वेळचं घेऊ नका. सगळं चित्र जोडून झालं की घरात, पंखा बंद करून, दारा-खिडक्यांवर गोधड्या टाकून बोला. गोधडीनं खोलीचा घुमार मरतो. लिहून वाचू नका. त्या पोराला फोनवर सांगता तसंच सांगा.

सेव्हचं एक लक्षात घ्या. शॉटकटची जी एमएलटी फाइल सेव्ह होते त्यात व्हिडिओ नसतो, कोणती क्लिप कुठं कापली ह्याची फक्त नोंद असते. म्हणून क्लिपा, आवाज, फॉन्टची चित्रं सगळं पहिल्या दिवशीच एका फोल्डरात ठेवा आणि मग त्यांची जागा-नावं बदलू नका. आणि कंट्रोल एस दाबत राहा. बटणं तीनच पाठ करा: एस म्हणजे काप, एक्स म्हणजे काढून पुढचं मागं सरकव, स्पेस म्हणजे चालू-बंद. ह्या तिघांत तुमचं बहुतेक काम होतं.

शेवटी एक्स्पोर्ट करताना एच.264, 1080पी. सेकंदाला 8 मेगाबिट धरले तर मिनिटाला 60 एमबी, म्हणजे बारा मिनिटांचे 720 एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर ते चित्र दाबून खराब करतं आणि तुमच्या अळीची मान दिसणारच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं. एक्स्पोर्ट मात्र इन्व्हर्टरवर असताना करा. एमपी4 ची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते, मध्येच लाइट गेली तर नव्वद टक्के झालेली फाइलही उघडत नाही.

नवीन कॉम्प्युटर घेऊ नका. पैसे घालायचेच तर एसएसडी आणि डीडीआर3 ची 4 जीबी रॅम वाढवा. ह्या मशीनचा जीव अजून आहे. आणि पुढच्या शूटिंगला फोनच्या कॅमेऱ्यात फोरके काढून 1080 करा, "हाय एफिशियन्सी" असं काही असेल तर ते बंद करा. हँडब्रेकची रात्र वाचेल.

तुतीचं रान

दीड महिन्यानं लिहितोय, बॅच चालू होती.

रॅम वाढवली, एसएसडी अजून नाही. व्हिडिओ झाला. 12 मिनिटं ठरवली होती, 13 मिनिटं 20 सेकंद झालाय. आवाज काकांनी सांगितला तसाच घेतला, पाचव्या अवस्थेच्या चौथ्या दिवशी, दुपारचा पाला टाकल्यावर. कूलर बंद केल्यावर शेड इतकी गप होते हे मलाही पहिल्यांदा कळलं. घरी हेडफोन लावून आईला ऐकवला. ती डोळे मिटून म्हणाली, "पाऊस लागला का रे?"

सहाही पोरांना डॉक्युमेंट म्हणून पाठवला. चौघांनी एकच सांगितलं: चौथ्या मोल्टची क्लिप लांब कर. मी ती 40 सेकंदांची ठेवली होती. अळ्या हलतच नाहीत, बघणाऱ्याला कंटाळा येईल असं वाटलं. तर पोरं म्हणतात, आम्हाला तेच बघायचंय. मोल्टवर गप बसलेली अळी आणि रोगानं सुस्त पडलेली अळी ह्यातला फरक 40 सेकंदांत दिसत नाही, फोन रॅकजवळ धरून आमच्या अळीशी ताडून बघेपर्यंत क्लिप संपते. एकानं तर ती क्लिप थांबवून थांबवून बारा वेळा बघितली.

मूळ क्लिप साडेतीन मिनिटांची आहे. ती दीड मिनिटापर्यंत वाढवायची तर पुढचं सगळं पुन्हा जोडावं लागेल का? वरची अक्षरं आणि माझा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत.

उदगीरचा स्टुडिओ

पुन्हा जोडू नका. टाइमलाइनच्या वरच्या पट्टीत "रिपल ऑल ट्रॅक्स" चालू करा, मग त्या क्लिपची उजवी कड धरून ओढा. पुढची चित्रं, अक्षरं आणि तुमचा आवाज सगळं एकदमच पुढं सरकेल. फक्त मोल्टच्या क्लिपखाली तुमच्या बोलण्याचा एकच लांब तुकडा असेल तर तो आधी त्या जागी एस दाबून कापून घ्या, नाहीतर पुढचं बोलणं चित्राच्या आधी येईल. वाढलेल्या पन्नास सेकंदांत काही बोलू नका, पोरांना नीट बघू द्या. एक्स्पोर्ट करताना फाइलच्या नावात तारीख टाका, म्हणजे कुणाकडं जुना आहे आणि कुणाकडं नवा ते कळेल.

आणि तो दोन मिनिटांचा आवाज जमलं तर मलाही पाठवा. मी कधी ऐकलेला नाही.